खटला न भरण्याचा अधिकार

खिशात थोडासा गांजा सापडला म्हणून कुणाला तुरुंगात धाडायचं नाही, हे न्यूयॉर्क राज्याने १९७७ सालीच ठरवलं होतं. २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ असेल, तर पहिल्या वेळी १०० डॉलरपर्यंत दंड आणि विषय संपला. मात्र त्या कायद्यात एक अपवाद होता. गांजा सार्वजनिक जागी उघड दिसेल असा धरलेला किंवा पेटवलेला असेल, तर तो फौजदारी गुन्हा होता आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होती. पुढच्या काळात या अपवादाने मूळ नियमच गिळून टाकला. ब्रुकलिनच्या किंवा ब्राँक्सच्या रस्त्यावर पोलीस एखाद्या तरुणाला अडवत, 'खिसे रिकामे कर' म्हणत, तो निमूटपणे पुडी बाहेर काढी. पुडी बाहेर आली की ती 'सार्वजनिक जागी उघड' झालेली असे. खिशात होती तोवर दंडाची बाब, तळहातावर आली की बेड्या. २०११ साली एकट्या न्यूयॉर्क शहरात या सर्वांत खालच्या पातळीच्या गुन्ह्यासाठी सुमारे ५० हजार अटका झाल्या. पोलिसांच्या सांगण्यावरून बाहेर काढलेला गांजा 'उघड' धरू नका, असा लेखी आदेश पोलीस आयुक्त रेमंड केली यांना त्याच वर्षी सप्टेंबरात काढावा लागला.

पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते. गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्या आणि काळ्या अमेरिकनांत जवळपास सारखंच आहे. तरीही अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने २०१३ साली देशभरची आकडेवारी तपासली, तेव्हा गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांच्या ३.७३ पट निघाली. अटक झाली की बोटांचे ठसे, फोटो, कोठडीतली रात्र, मग कोर्टाच्या तारखा, प्रत्येक तारखेला बुडणारा रोज. शेवटी निर्दोष सुटला तरी हे सगळं भोगून झालेलं असतं. माल्कम फीली या अभ्यासकाने न्यू हेवनच्या खालच्या कोर्टात बसून १९७९ साली एक पुस्तक लिहिलं. किरकोळ गुन्ह्यांत खरी शिक्षा निकालाची नसते, ती निकालापर्यंतच्या वाटचालीचीच असते, हे त्याचं म्हणणं आजही अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटी कोर्टात पडताळून पाहता येतं.

जानेवारी २०१४ मध्ये ब्रुकलिनचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी म्हणजे मुख्य सरकारी वकील म्हणून केनेथ थॉम्पसन यांनी सूत्रं घेतली. या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांची आई न्यूयॉर्क पोलिसांत होती आणि ते स्वतः केंद्र सरकारचे वकील राहिलेले, त्यामुळे कायदा-सुव्यवस्थेच्या बाजूचं जग त्यांना परकं नव्हतं. आपल्या कार्यालयातल्या फायली पाहताना त्यांच्या हाती एक आकडा लागला. २०१३ मध्ये गांजा बाळगणं हाच मुख्य आरोप असलेली साडेआठ हजारांहून जास्त प्रकरणं या कार्यालयाने हाताळली होती आणि त्यातली दोन-तृतीयांशांहून अधिक न्यायाधीशांनी शेवटी काढून टाकली होती. सरकारी वकील, पोलीस, कोर्टाचे कारकून आणि आरोपी यांचे हजारो तास ज्यावर गेले, त्यातलं बरंचसं कधी टिकणारच नव्हतं. ८ जुलै २०१४ रोजी थॉम्पसन यांनी जाहीर केलं की, ज्यांच्या नावावर जुने गुन्हे नाहीत किंवा फारच थोडे आहेत, अशांवर थोड्या गांजासाठी खटला भरला जाणार नाही आणि त्यांच्या बोटांचे ठसे नष्ट केले जातील. चारचौघांत, विशेषतः मुलांच्या आसपास ओढणाऱ्यांना ही सवलत नव्हती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कोर्टाऐवजी समुपदेशनाकडे वळवायचं होतं. आमच्या कामात फरक पडणार नाही, असं पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी लगेच सांगितलं. पण नोव्हेंबरात शहरानेच धोरण बदललं आणि २५ ग्रॅमपर्यंत अटकेऐवजी समन्सची चिठ्ठी हातात द्यायचं ठरलं.

यावर थॉम्पसन यांनी काढलेली शंका मला फार महत्त्वाची वाटते. अटक झाली की प्रकरण निदान सरकारी वकिलाच्या टेबलावरून जातं. पोलिसांनी बेकायदा झडती घेतली असेल तर तो ते तिथेच थांबवू शकतो. समन्सची चिठ्ठी सरळ कोर्टात जाते. शिक्षा सौम्य झाली, पण मधली चाळणी निघाली.

ही चाळणी नेमकी काय असते, हे आपल्याकडच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती त्या जागी नाही. भारतात पोलीस तपास करून दोषारोपपत्र दाखल करतात आणि सरकारी वकील ते कोर्टात चालवतो. खटला मागे घ्यायचा तर तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली, अर्ज करतो आणि कोर्टाची संमती लागते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पोलिसांचं काम अटकेपाशी थांबतं. आरोप ठेवायचा का, कोणता ठेवायचा, नंतर तो सोडायचा का, हे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी ठरवतो. काही राज्यांत या पदाला स्टेट्स अॅटर्नी म्हणतात, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स अॅटर्नी. मोजकी राज्यं वगळता हा अधिकारी काउंटीतल्या मतदारांनी निवडून दिलेला असतो. गव्हर्नर किंवा महापौर त्याला रोजच्या कामात हुकूम देऊ शकत नाहीत.

रॉबर्ट जॅक्सन अमेरिकेचे अॅटर्नी जनरल असताना, १९४० साली, आपल्याच खात्याच्या वकिलांसमोर म्हणाले होते की माणसाच्या आयुष्यावर, स्वातंत्र्यावर आणि नावलौकिकावर सरकारी वकिलाइतका ताबा अमेरिकेत दुसऱ्या कुणाचाही नाही. पुढे १९७८ च्या बॉर्डनकर्चर विरुद्ध हेज खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, गुन्हा घडल्याचं मानायला सबळ कारण असेल, तर खटला भरायचा की नाही हे सर्वसाधारणपणे संपूर्णतः सरकारी वकिलाच्या विवेकावर आहे. पुरावा लंगडा आहे, साक्षीदार येत नाहीत, पोरगं कॉलेजात आहे, वडील ओळखीचे आहेत, मोठ्या खटल्यांपुढे वेळ नाही: अशा कितीतरी कारणांनी सरकारी वकील रोज प्रकरणं सोडून देतात. यातली काही कारणं चांगली, काही वाईट. बाहेरच्याला ती दिसत नाहीत. भेदभाव झाला असं म्हणणाऱ्याची वाट फार अवघड आहे. १९९६ च्या आर्मस्ट्राँग निकालानुसार, आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या वंशाच्या माणसावर खटला भरला गेला नाही, याचे काही पुरावे आरोपीने आधी आणायचे, मगच त्याला सरकारी कागद पाहायला मागता येतात. मुळात न भरलेल्या खटल्याची नोंद त्याला मिळणार कुठून?

म्हणून थॉम्पसन आणि त्यांच्यानंतरच्या लोकांनी केलेल्या गोष्टीतला नवेपणा नीट पाहिला पाहिजे. किरकोळ गांजाचे खटले सोडणं नवं नव्हतं. कुणाचे सोडणार, किती ग्रॅमपर्यंत सोडणार, कोणत्या अटींवर सोडणार, हे आधी जाहीर करणं नवं होतं. फिलाडेल्फियात डिस्ट्रिक्ट अॅटर्नी लॅरी क्रॅस्नर यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये गांजा बाळगण्याची ५१ प्रकरणं एका झटक्यात मागे घेतली. त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये मुख्य सरकारी वकील किम गार्डनर यांनी १०० ग्रॅमची मर्यादा घातली. २०१९ मध्ये डॅलसने पहिल्यांदा सापडलेल्यांना वगळलं आणि इंडियानापोलिसने साधारण एक औंसापर्यंत, म्हणजे तीसेक ग्रॅमपर्यंत, खटले थांबवले. विरोधाची धार वाढली ती याच जाहीरपणामुळे. माझं ठाम मत आहे की हा जाहीरपणाच या सगळ्या प्रयत्नांतला सर्वांत लोकशाही भाग होता. गुपचूप दाखवलेली दया कुणाला मिळाली, हे मतदाराला कळत नाही. लिहून ठेवलेलं धोरण त्याला वाचता येतं आणि आवडलं नाही तर चार वर्षांनी तो ते मतपेटीतून पुसू शकतो.

व्हर्जिनियातल्या नॉरफोक या बंदराच्या शहरात हा प्रश्न जितका टोकाला गेला तितका क्वचितच कुठे गेला असेल. तिथे पहिल्या वेळी गांजा सापडला तर ३० दिवसांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड होता. शहरात गोरे आणि काळे साधारण सारख्याच संख्येने राहतात, पण या गुन्ह्यात पकडलेल्यांत दहापैकी आठजण काळे होते. जानेवारी २०१९ मध्ये कॉमनवेल्थ्स अॅटर्नी ग्रेग अंडरवुड यांनी हे प्रमाण मांडून सांगितलं की असे खटले आपलं कार्यालय काढून टाकायला लावील. त्यांचे सहकारी सर्किट कोर्टात उभे राहून खटला काढून टाकण्याची विनंती करू लागले. न्यायाधीशांनी नकार दिला. एका प्रकरणात नव्हे, ओळीने. व्हर्जिनियात तेव्हा खटला मागे घ्यायला कोर्टाची संमती आणि योग्य कारण लागत असे, म्हणजे आपल्या कलम ३६० च्या बरंच जवळचं. योग्य कारण हे त्या एका खटल्यातलं असायला हवं. अख्खा कायदाच नको असेल तर तो विधिमंडळाने बदलावा, अशी न्यायाधीशांची भूमिका होती. अंडरवुड सुप्रीम कोर्ट ऑफ व्हर्जिनियाकडे गेले. मे २०१९ मध्ये त्या कोर्टाने हस्तक्षेप करायला नकार दिला.

न्यायाधीशांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. एका शहराच्या अधिकाऱ्याने राज्याचा कायदा आपल्या हद्दीत निकामी करायचा, हे तत्त्व मान्य केलं तर उद्या दुसरा अधिकारी घरगुती हिंसाचाराचे किंवा मजुरी बुडवण्याचे खटले असेच सोडून देऊ शकेल. या भीतीला उत्तर द्यावंच लागतं. माझ्या मते उत्तर असं आहे: तो अधिकारी ते आजही करू शकतो, फक्त न बोलता. बोलला तर निदान बायका, मजूर, वर्तमानपत्रं त्याला जाब विचारतील. शिवाय ज्या आरोपीवरचा खटला चालवायला सरकारच तयार नाही, त्याला न्यायाधीशाने हट्टाने कोर्टात उभं ठेवलं, तर न्यायाधीश आणि सरकारी वकील यांच्यातलं अंतर उरतं कुठे? व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने पुढच्या दोन वर्षांत दोन्ही बाजूंना उत्तर दिलं. जुलै २०२० पासून थोडा गांजा बाळगण्याला केवळ २५ डॉलरचा दिवाणी दंड राहिला आणि जुलै २०२१ पासून प्रौढांसाठी तो कायदेशीर झाला. त्याखेरीज वेगळा कायदा करून असं ठरवलं की, सरकारी वकिलाने मागितलं आणि आरोपीची हरकत नसली, तर लाचखोरी किंवा पीडिताविषयीचा आकस ठोसपणे दिसल्याशिवाय कोर्टाने खटला मागे घ्यायला आडकाठी करायची नाही.

बाल्टिमोरमध्ये अडचण दुसऱ्याच टोकाला आली. जानेवारी २०१९ च्या अखेरीस स्टेट्स अॅटर्नी मॅरिलिन मोस्बी यांनी गांजा बाळगण्याचे खटले, प्रमाण कितीही असो, बंद करत असल्याचं सांगितलं. त्याबरोबर जवळपास पाच हजार जुन्या शिक्षा रद्द करण्याची मागणी कोर्टाकडे केली. पोलीस प्रमुखांनी अटका चालूच राहतील असं जाहीर केलं आणि जुन्या शिक्षांची मागणी त्याच वसंत ऋतूत न्यायाधीशांनी फेटाळली. सरकारी वकिलाचा अधिकार मधल्या दाराचा आहे. पुढचं दार पोलिसांच्या हातात, मागचं न्यायाधीशांच्या. मधलं दार उघडं असलं तरी माणूस कोठडीत रात्र काढूनच तिथवर पोचतो.

ह्यूस्टनने ही गोष्ट आधीच ओळखली होती, म्हणून तिथला प्रयोग मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. हॅरिस काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नी किम ऑग यांनी १ मार्च २०१७ पासून पोलीस आणि शेरीफ यांना बरोबर घेऊन योजना सुरू केली. चार औंसांपेक्षा कमी गांजा सापडला तर अटक नाही, आरोपही नाही. पोलीस गांजा जप्त करतो, कागदावर सही घेतो आणि माणूस घरी जातो. मग १५० डॉलर भरून चार तासांचा एक वर्ग करायचा; तो पूर्ण केला की प्रकरण कधी झालंच नव्हतं. टेक्ससचा कायदा मात्र तोच होता: दोन औंसांपर्यंत १८० दिवसांची कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. काउंटीची उत्तर सीमा ओलांडून मॉन्टगोमेरी काउंटीत शिरलं की तीच पुडी पुन्हा तुरुंगाची बाब होई, आणि तिथले डिस्ट्रिक्ट अॅटर्नी ह्यूस्टनच्या योजनेवर उघड टीका करत. त्या रस्त्याने रोज कामाला जाणाऱ्या माणसाला कायदा कुठे बदलतो हे सांगणारी पाटी नव्हती.

मग २०१९ च्या जूनमध्ये टेक्ससच्या विधिमंडळाकडून, ध्यानीमनी नसताना, सगळ्या राज्यात ह्यूस्टनसारखंच घडलं. शेतकऱ्यांना औद्योगिक भांगेचं पीक घेता यावं म्हणून केंद्राच्या २०१८ च्या कायद्याला अनुसरून राज्याने कायदा केला. ज्या रोपात टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य ०.३ टक्के किंवा त्याहून कमी, ते कायदेशीर. त्याहून जास्त तो गांजा. दोन्ही एकाच वनस्पतीचे प्रकार. दिसायला सारखे, वासाला सारखे. सरकारी प्रयोगशाळा तोवर फक्त ती वनस्पती ओळखत. टक्केवारी मोजायची सोय बहुतेकांकडे नव्हती. आता पुडीत काय आहे हे शंकेपलीकडे सिद्ध करायचं तर टक्केवारी लागणार. ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, ऑस्टिन या भागांतल्या सरकारी वकिलांनी चाचणीशिवाय असे किरकोळ खटले घेणार नसल्याचं जाहीर केलं आणि फोर्ट वर्थच्या टॅरंट काउंटीने दोनशेहून अधिक प्रकरणं मागे घेतली. १८ जुलैला गव्हर्नर ग्रेग अॅबट आणि राज्याच्या इतर नेत्यांनी सगळ्या सरकारी वकिलांना पत्र लिहून बजावलं की गांजा अजून गुन्हाच आहे. पत्राने प्रयोगशाळा उभ्या राहत नाहीत. पुढच्या वर्षी राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाने कळवलं की किरकोळ प्रकरणांतल्या चाचण्या करण्याइतकी आपली क्षमता नाही. राज्यभर नव्या खटल्यांची संख्या कोसळली. तत्त्वाला विरोध करणाऱ्या काउंट्यांनीही पुराव्याअभावी तेच केलं. कोणत्या खटल्यावर सरकारचा पैसा आणि वेळ घालवायचा, हा प्रश्न प्रत्येक सरकारी वकिलाला सोडवावाच लागतो, हे इतकं उघडपणे क्वचितच दिसलं असेल.

जुन्या ओझ्याचं काय, हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी सायरस व्हान्स यांनी हाताळला. १ ऑगस्ट २०१८ पासून त्यांनी गांजा बाळगण्याचे आणि ओढण्याचे बहुतेक खटले थांबवले आणि सप्टेंबरात कोर्टाकडून ३,०४२ जुनी वॉरंटं रद्द करून घेतली. काही १९७८ पासूनची होती. कधीतरी तारखेला न गेल्यामुळे निघालेलं वॉरंट चाळीस वर्षं डोक्यावर घेऊन माणसं वावरत होती. वाहतूक पोलिसाने सहज गाडी थांबवली तरी ते वर येऊ शकत होतं.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या मराठी आईवडिलांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. एखाद्या राज्यात गांजा दुकानात मिळत असला, तरी स्थलांतराचा कायदा केंद्राचा आहे आणि केंद्राच्या लेखी तो अजून प्रतिबंधित आहे. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत बाळगल्याच्या एकाच गुन्ह्याला देशाबाहेर काढण्याच्या तरतुदीतून सूट आहे. पण परत प्रवेश मिळवताना किंवा ग्रीन कार्डाच्या अर्जात तीच बाब आड येऊ शकते. शिवाय केंद्राची 'दोषसिद्धी'ची व्याख्या रुंद आहे. गुन्हा कबूल केला, न्यायाधीशाने काही बंधन घातलं आणि वर्षभराने राज्याच्या कोर्टाने प्रकरण पुसून टाकलं, तरी केंद्र ती दोषसिद्धी धरू शकतं. सरकारी वकिलाने आरोपच न ठेवणं आणि 'कबूल कर, सहा महिन्यांत मिटवू' हे म्हणणं, या दोन्हींत अमेरिकन नागरिकाला फारसा फरक वाटणार नाही. व्हिसावरच्या विद्यार्थ्याचं पुढचं आयुष्य त्या फरकावर ठरतं. थॉम्पसन २०१६ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्या जागी आलेल्या एरिक गोन्झालेझ यांनी २०१७ मध्ये ब्रुकलिनच्या कार्यालयात खास स्थलांतर कायद्याचे वकील नेमले, ते नेमकं यासाठी.

जाहीर धोरणांवर गव्हर्नर आणि विधिमंडळांचा प्रतिवार पुढे सुरू झाला. फ्लोरिडात गव्हर्नर रॉन डिसॅन्टिस यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये टॅम्पाचे निवडून आलेले स्टेट अॅटर्नी अँड्र्यू वॉरन यांना निलंबित केलं; मुख्य कारण गर्भपाताच्या खटल्यांविषयीचं त्यांचं निवेदन होतं, पण किरकोळ गुन्ह्यांविषयीची त्यांची धोरणंही त्यात मोजली गेली. टेक्ससने तर सप्टेंबर २०२३ पासून कायदाच लागू केला. एखाद्या प्रकारचे गुन्हे चालवायचेच नाहीत असं धोरण ठेवणं हे त्यानुसार पदाचं गैरवर्तन ठरतं आणि काउंटीतला रहिवासी त्या आधारे डिस्ट्रिक्ट अॅटर्नीला पदावरून काढण्याची कारवाई सुरू करू शकतो. सरकारी वकिलाने तसं धोरण असल्याचं जाहीर विधान केलं, तर गैरवर्तन झालं असं आधी गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आरोपीला खटल्याऐवजी वर्गाकडे किंवा समुपदेशनाकडे वळवणाऱ्या, कायद्याने मान्य केलेल्या योजनांना यात सूट आहे. आणि एखाद्या मंगळवारी सकाळी, कुणालाही कारण न सांगता, एकच फाइल उचलून बाजूला ठेवण्याची मुभा टेक्ससच्या प्रत्येक डिस्ट्रिक्ट अॅटर्नीला आजही आहे.